तारेवरचा आळ

मी विजेची तार बोलतेय, तांब्याची. गुजरातेत संखेड्याला मुळजीभाई खरादींच्या कारखान्यात माझं आयुष्य गेलं. ते लाकडी पाळणे, झोपाळे घडवायचे आणि लाखेनं रंगवायचे. त्यांचं लाकूड कातायचं यंत्र माझ्यावर चालायचं.

माझं वरचं आवरण जागोजागी फाटलं होतं. मुलगा धनसुख कुरकुरायचा, "बापूजी, ही तार बदला. एक दिवस पेट घेईल."

"तुझ्याहून जुनी आहे, पण रोज कामाला हजर असते," मुळजीभाई म्हणायचे. "तुझं काय?"

उन्हाळ्यात त्यांनी कारखाना पुतण्याच्या हाती दिला. त्याच आठवड्यात, भर दुपारी सगळे जेवायला गेलेले असताना आग लागली. आत भुसा, लाख, पॉलिश. बादल्या भरेपर्यंत छप्पर खाली आलं. मुळजीभाई एक तयार पाळणा काढायला आत धावले होते. ते बाहेर आलेच नाहीत.

"शॉर्ट सर्किट," फौजदार म्हणाले. सगळ्यांना पटलं. आग कुठलीही असो, माणसांना आधी मीच आठवते. धनसुख तर सगळ्यांत मोठ्यानं म्हणाला, "मी सांगतच होतो!"

माणूस दगावला होता, म्हणून माझा तुकडा गांधीनगरच्या प्रयोगशाळेत गेला. वितळून माझ्या टोकाला मण्यासारखी गाठ झाली होती. तिथल्या तज्ज्ञ फाल्गुनीबेननी तिच्यावर लेसरचा झोत मारला. बारीक ठिणगी उडाली. तिच्या उजेडातले रंग यंत्रानं वेगळे केले. ज्या त्या पदार्थाचा रंग निराळा. मग पुन्हा झोत, थोडा आणखी खोल.

"कार्बन वरवरचा नाही, पार पोटात आहे," त्या सहकाऱ्याला म्हणाल्या. "ही धुरात वितळलीय. आग आधी, तार नंतर."

"मग लावली कुणी?"

"ते पोलिसांनी शोधावं."

पोलिसांनी पुन्हा एकेकाला बोलावलं. धनसुख फार टिकला नाही. "आत कुणी नाही बघून पेटवला हो," तो रडत म्हणाला. "बापूजी आत शिरतील असं वाटलं नव्हतं."

कोर्टात मला पाकिटातून काढून टेबलावर ठेवलं. त्याची आई मणीबेन साक्षीला उभी होती. ही तार ओळखता का, वकिलांनी विचारलं.

"घरचीच आहे," ती म्हणाली. मग वाकून, फक्त मला ऐकू येईल असं पुटपुटली, "आळ घेतला असतास, तर तुझं काय गेलं असतं गं? धनी गेलेच होते. पोर तरी राहिला असता."

आता मी मुद्देमालाच्या खोलीत पडून असते. माझ्यावरचा आळ गेला. तुम्हाला कधी मणीबेन भेटली, तर तिला एवढं सांगा, मला कुणी विचारलंच नाही.