ज्ञानूच्या डोळ्यांचा फोटो

"आजोबा, हनुवटी इथं टेकवा. कपाळ पुढं लावा. आता हलू नका."

ज्ञानूने चाचपडत यंत्राची कड धरली, पण हनुवटी भलतीकडेच गेली. मग बनाबाईने पुढे होऊन धाकट्या भावाचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि नीट टेकवलं. कितीतरी वर्षांनी तिने त्याला हात लावला होता. केस पार पांढरे झाले होते.

"काय करत्यात गं आक्का?"

"फोटू काढत्यात. डोळ्याच्या आतला."

"आत काय ऱ्हायलंय आता?" तो हसला. तिला हसू आलं नाही.

मागच्या महिन्यात ती कोल्हापूरच्या या दवाखान्यात आली होती ती नातवासाठी. लेक स्नेहलचा सार्थक दिवस मावळला की ठेचकाळायचा. त्याला तपासून डॉक्टरबाईंनी विचारलं, घरात आणखी कुणाची नजर अशी गेली आहे का? स्नेहल म्हणाली, "मामा हाईत की. पण त्येंचं डोळं दारूनं गेलं."

"तरी त्यांना घेऊन या," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आणि आजी, तुमचाही फोटो काढू."

दारूचं बनाबाईनेच उठवलं होतं.

बऱ्याच वर्षांपूर्वी स्नेहलला बघायला पाहुणे कोडोलीला आले, त्या संध्याकाळी ज्ञानू उंबऱ्याला अडखळून त्यांच्या अंगावरच गेला. "ह्येंच्या डोळ्याला काय झालंय?" पाहुण्यांनी विचारलं. बनाबाईला ठाऊक होतं. तिचा नि ज्ञानूचा मामाही भिंत धरून चालायचा, आणि आपल्यात बाप्यांची नजर जाते हे आईने तिच्या कानावर घातलं होतं. पण लेकीचं जमत आलेलं लग्न मोडेल या भीतीने ती बोलून गेली, "डोळ्याला कायबी न्हाय. दारू ढोसतोय मेला."

फाउंड्रीतून सुटल्यावर ज्ञानू कधीमधी घ्यायचा, तेवढंच. स्नेहलचं लग्न झालं. बोलणं मात्र गावभर फिरलं. ज्ञानूचं काम सुटलं. त्याची बायको चिमणाबाई लहानग्या साक्षीला घेऊन माहेरी कुरुंदवाडला गेली, ती आलीच नाही. ज्ञानूने दारू सोडली, तरी नजर जातच राहिली. बनाबाई त्याला डबा पाठवायची. स्वतः मात्र त्याच्या दारात जायची नाही.

डॉक्टरबाईंनी पडद्यावर फोटो लावले. ज्ञानूच्या डोळ्यात कडेने काळे डाग पसरले होते. बनाबाईच्या डोळ्यात मधून कडेकडे गेलेल्या उजळ रेघा होत्या. तशाच रेघा स्नेहलच्याही फोटोत सापडल्या होत्या.

"हा आजार तुमच्या आईकडून आलाय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "बायकांना सहसा फार त्रास होत नाही, पण मुलग्यांची नजर जाऊ शकते. तुमच्याकडून तो स्नेहलकडे आला, तिच्याकडून सार्थककडे. यात कुणाचा दोष नाही, आजी."

ज्ञानूने मान वर केली. "म्हंजे माझं दारूनं न्हाय गेलं?"

"दारूचा काही संबंध नाही. जन्मापासूनच होतं तुमच्यात."

डॉक्टरबाईंनी विचारलं, "तुम्हाला मुलं?"

"एक लेक. साक्षी."

"तिच्याकडेही हे गेलेलं असणार. तिला मुलगा असेल तर त्यालाही दाखवायला हवं."

"नातू हाय म्हणं," ज्ञानू म्हणाला. "मी भेटलो न्हाय अजून."

बाहेर बाकावर बसल्यावर बनाबाईने पदर तोंडाशी धरला. "ज्ञानू, मामाचं डोळं कशानं गेलं, मला ठावं हुतं. तरी त्या पावण्यांम्होरं मी..."

"तू काय म्हणलीस, ते मी तवाच ऐकलंतं," तो म्हणाला. "दारातच हुतो की."

"मग बोलला का न्हाईस?"

"मला वाटलं, खरंच असंल. आक्का खोटं कशाला बोलंल?"

बनाबाईचं रडणंच थिजलं. ज्ञानू काठी घेऊन उठला.

"चल. कुरुंदवाडला जाऊ."

"आत्ता?"

"पोराचं डोळं थांबणार हाईत व्हय? आणि चिमणीला तू सांगायचंस. मी सांगून कुणाला पटायचं न्हाय."

स्टँडवर कोडोलीची गाडी समोरच लागली होती. बनाबाई घुटमळली. मग त्याच्या कोपराला धरून पलीकडच्या गाडीत चढली.

"कुठं, मावशी?" कंडक्टरने विचारलं.

"दोन कुरुंदवाड."

गाडी सुटली. ज्ञानूने तळहाताने केस चापून बसवले. "आक्का, शर्ट बरा दिसतोय न्हवं?"

गुंड्या वरखाली लागल्या होत्या. तिने तसं सांगितलं आणि हात पुढे केला. त्याने तो हळूच बाजूला सारला, आणि बोटांनी चाचपत एकेक गुंडी काढून स्वतःच पुन्हा लावायला लागला.