स्टुलावरचा डबा

“बाई, आज डबा स्टुलावर नाही ठेवत,” असं म्हणून काकांनी पाण्याने काठोकाठ भरलेला पत्र्याचा डबा सरळ टेबलावर ठेवला.

विज्ञानाच्या बाईंनी वहीतून मान वर केली. “का? स्टूल मोडलं?”

“स्टुलाला काय धाड भरलीय! मलाच एक सांगायचंय. आज नोकरीचा शेवटचा दिवस, उद्यापासून मी नाही. सांगून मोकळा होतो.”

प्रयोगशाळेत दोघंच होते. सातवीचा वर्ग मधल्या सुट्टीनंतर यायचा होता. एकतीस वर्षं काका इथे प्रयोगांची मांडामांड करत आले होते. गळ्यात कायम रबरी नळी, म्हणून मुलं त्यांना नळीकाका म्हणत. या बाई सातवीत होत्या तेव्हा त्याही म्हणायच्या.

डबा वीतभर उंच. त्याला एकाखाली एक तीन भोकं, नोकरीच्या पहिल्या वर्षी काकांनीच खिळ्याने पाडलेली. पुस्तकातल्या चित्रात अशाच डब्यातून तीन धारा निघत. वरची जवळ पडे, मधली त्याहून लांब, खालची सगळ्यात लांब. खाली पाण्याचा दाब जास्त, एवढंच त्यातून शिकवायचं असे.

“बघा,” म्हणत काकांनी भोकांवरची चिकटपट्टी एका झटक्यात ओढली.

मधली धार सगळ्यात लांब गेली. वरची आणि खालची तिच्या अलीकडे, जवळजवळ एकाच जागी पडल्या.

“खालचं भोक बुजलं असेल,” बाई म्हणाल्या.

“सकाळीच सुई घातलीय.”

“मग टेबल कललंय.”

काकांनी खिशातून काचेची गोटी काढून टेबलावर ठेवली. ती जागची हलली नाही.

“तीन डबे केले बाई मी. तिन्ही असलेच निघाले.” काकांचा आवाज खाली गेला. “पहिल्याच वर्षी मुख्याध्यापक प्रयोग बघायला यायचे होते. मी घाबरलो. काहीतरी करायचं म्हणून डबा उंच ठेवून पाहिला, तर अगदी चित्रासारखं! मग मोडक्या बाकाच्या फळीचं, टेबलावर ठेवायला हे बुटकं स्टूल केलं. तेव्हापासून हेच चाललंय. भोकं माझी चुकली, आणि ती झाकायला स्टूल. एकतीस वर्षं पोरांना फसवलं.”

“घरी कुणाला बोललात?”

“आज सकाळी बायकोला. ती म्हणाली, डब्याला भोकं पाडलीत आणि स्वतःचं तोंड शिवून बसलात.”

बाई हसल्या नाहीत. “मी याच टेबलाशी बसून लिहिलं होतं, खालची धार सगळ्यात लांब. पैकीच्या पैकी मिळाले होते. आता सहा वर्षं तेच शिकवतेय.”

त्यांनी डबा पुन्हा भरायला लावला. खालच्या भोकावर बोट धरलं, मग वरच्या. “जोर तर खालीच जास्त आहे, काका. बोटाला कळतंय. मग?”

“मला काय विचारता? मी मांडणारा माणूस.”

बाईंनी फळ्यावर डबा काढला, पुसला, पुन्हा काढला. काकांना वाटलं, उगाच बोललो. जाता जाता हिच्याही डोक्याला घोर लावला. पुस्तक चुकीचं असेल, हे त्यांच्या मनाला शिवतही नव्हतं. छापलेलं कसं चुकेल? चुकतो तो हात.

तेवढ्यात बाई वाकल्या आणि त्यांनी डोळे टेबलाच्या पातळीला आणले. “पुन्हा सोडा धार.”

काकांनी सोडली.

“काका, खालच्या धारेला पडायला जागा कुठाय? जोरात निघते आणि लगेच टेबल लागतं. वरचीला जागा भरपूर, पण जोर नाही. मधलीकडे दोन्ही थोडं थोडं.”

“आणि स्टुलावर?”

“स्टुलावर खालचीलाही जागा मिळते.”

काका धारांकडे बघत राहिले. “मग माझी भोकं?”

“भोकं बरोबर आहेत. पुस्तकातल्या चित्रात स्टूल काढायचं राहिलंय.”

काकांना अर्धं कळलं, अर्धं डोक्यावरून गेलं. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटायला हवं होतं. पण भोकं बरोबर होती, तर एकतीस वर्षं ते घाबरत होते कशाला?

घंटा झाली. मुलं लोंढ्यासारखी आत घुसली. काकांनी डबा पुन्हा भरला, पट्टी लावली आणि सवयीने कोपऱ्यातलं स्टूल उचललं.

“नको काका,” बाई म्हणाल्या. “आज टेबलावरच. चित्र उघडा रे सगळे, आणि सांगा, कुठली धार लांब जाईल?”

“खालची!” वर्ग ओरडला.

काका स्टूल पोटाशी धरून तसेच उभे राहिले. ते कुठे ठेवायचं, हेच त्यांना सुचेना.

“नळीकाका, बसायला आणलंत का?” पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं.

काकांनी एकदा स्टुलाकडे पाहिलं. “हो,” ते म्हणाले. “बसायलाच.”

स्टूल त्यांनी भिंतीशी टेकवलं, गळ्यातली नळी काढून मांडीवर घेतली आणि बसले. गुडघे पार छातीशी आले. बाईंनी पट्टी ओढली. सगळा वर्ग उभा राहिला, म्हणून काकांनीही मान उंच केली.