काळूरामचं आगर

पर्यावरणशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या चौघांचा सत्कार होता. मृणालीचं नाव तिसरं. खाडीकाठी भरावाखाली गेलेल्या मिठागरांचा तिने नकाशा केला होता, एकेका आगराच्या जुन्या नावासकट. विभागाच्या बाईंनी तो पडद्यावर लावला, तसा मागच्या रांगेतला तिचा बाप खुर्चीत पुढे सरकला. न्हावा शेवा बंदरात ट्रेलर उभा करून दिपेश थेट इथे आला होता.

"ही नावं मला बाबांनी सांगितली," मृणाली माइकवर म्हणाली. "त्यांनाही वर बोलवा."

दिपेश आढेवेढे घेत वर आला. पडद्यावर 'काळूरामचं आगर' लिहिलेलं होतं. त्याच्या वडिलांचं.

"शाळा सुटली का मी तिथं भाकरी घेऊन जायचो," तो म्हणाला. "बाबा वाफ्यातलं मीठ ओढत असायचे, आई टोपल्या भरायची. उन्हात मीठ असं चमकायचं, डोळे बारीक करून बांधावरनं चालायला लागायचं. आम्ही पोरं कैरी फोडायचो आणि त्याच वाफ्यात बुडवून खायचो."

समोर बसलेली पोरं हसली. तोही हसला, मग पडद्याकडे वळला.

"आगर गेलं तवा मी एकवीस वर्षांचा. नुकताच डंपरवर लागलेलो. तिथं मातीची पयली खेप मीच टाकली. बाबा बांधावर उभे होते. गाडी कुठनं घातली तर रुतणार न्हाय, तेवढं हात करून दाखवलं."

मृणालीने हे कधी ऐकलं नव्हतं. तीन वर्षं ती त्याला नावं विचारत होती, आणि तो नावंच सांगत होता. ती त्याच्याजवळ गेली.

"आजोबा कुठे उभे होते, बाबा?"

दिपेशने पडद्यावर बोट टेकवलं. "हितं. भरतीचं पाणी आत घ्यायची उघाडी होती ना, तिच्या अंगाला. पण उघाडी तू चुकवलीस, बाय. जरा खाली घे."

तिने बाईंकडून पेन घेतलं आणि हातातल्या प्रमाणपत्राच्या पाठीवर उघाडीच्या जागेची खूण केली. तो पुढे सांगू लागला, उघाडीपाशी चिखलातले निवटे मासे कसे धरायचे ते. चौथं नाव पुकारायचं होतं; बाईंनी घाई केली नाही.