नऊ ग्रॅम

वजनकाट्याशेजारच्या स्टीलच्या ट्रेमध्ये सहा वस्तू होत्या: एक कात्री, दोन चिमटे, कापसाचा बोळा, निळी पट्टी आणि रिकामी बाटली. कॉटवर पडल्या पडल्या तिने त्या दोनदा मोजल्या. मग काट्याकडे पाहिलं. पारडं रिकामं होतं आणि आकडा शून्य होता. काटा बरोबर होता.

दुकानांतले काटे तपासणं हे तिचं काम. पारड्यावर चुकून राहिलेला कागदाचा कपटासुद्धा ती दुकानदाराला उचलायला लावायची. दीर तिला ‘काटेकोर वहिनी’ म्हणायचा.

सिस्टरने बाळ फडक्यातून काढून पारड्यावर ठेवलं. ते रडलं नाही. रडणार नाही, हे तिला ठाऊक होतं.

“चारशे एक्क्याण्णव,” सिस्टर म्हणाली. पेन तिने खिशातच ठेवलं.

“म्हणजे?” दारापाशी उभ्या असलेल्या सासूने विचारलं.

“पाचशेच्या आत असलं तर घरी देत नाहीत, आजी. इथला नियम आहे. त्याची व्यवस्था इथेच करतात.”

“इथे म्हणजे कुठे?”

सिस्टर फडक्याची घडी घालत राहिली. ‘आजी’ हा शब्द मात्र सासूच्या चेहऱ्यावरून हलला नाही.

बाळाची मूत्रपिंडं तयारच झालेली नाहीत, त्यामुळे फुप्फुसंही वाढणार नाहीत, असं डॉक्टरांनी सोनोग्राफीनंतर सांगितलं होतं. तिने दुसऱ्या डॉक्टरांना विचारलं, तिसऱ्यांना विचारलं, मग नवऱ्याशी बोलून ठरवलं. सासूला ते पटलं नाही.

“आत हलतंय ना? मग जगतंय ते.”

“बाहेर आल्यावर गुदमरेल, आई.”

“गुदमरेल तेव्हा गुदमरेल. तुझ्या मापात बसलं नाही म्हणून आधीच थांबवायचं?”

त्यानंतर दोघी एकाच ओट्याशी उभ्या राहायच्या, पण बोलणं मीठ-साखरेपुरतंच उरलं होतं.

“सिस्टर, मला न्यायचंय बाळाला,” ती आता म्हणाली.

“ताई, माझ्या हातात असतं तर दिलं असतं. नऊ ग्रॅम कमी पडतात हो.”

नऊ ग्रॅम म्हणजे किती, ते तिच्या बोटांना माहीत होतं. तिने चादरीचं टोक मुठीत धरलं.

सासू पुढे आली. खांद्यावरच्या पिशवीत हात घालून तिने एक पिवळी लोकरीची टोपी काढली. तिसऱ्या महिन्यात विणायला घेतलेली. ती कधीच उसवली गेली असेल, असं सुनेला वाटलं होतं. टोपी पुऱ्या दिवसांच्या बाळाच्या मापाची होती. डोक्यात घातल्यावर थेट नाकापर्यंत आली. सासूने तिची कड एकदा दुमडली, पुन्हा एकदा दुमडली, तेव्हा कुठे मिटलेले डोळे दिसले.

“डोकं उघडं ठेवू नये,” ती म्हणाली. कोणाकडेच न बघता.

“आजी, वजन करताना अंगावर काही ठेवत नाहीत.” सिस्टर क्षणभर थांबली, मग कॉटकडे वळली. “ताई, तुम्हाला तर यातलं सगळं कळतं. काढू का?”

सासूचा हात टोपीवरच होता. बोटं टोपीची कड सारखी करत होती आणि काट्यावरचा आकडा त्यांच्याबरोबर खालीवर होत होता. कितीतरी दिवसांनी तिने सुनेच्या डोळ्यांत पाहिलं.

“आई, हात काढा,” ती म्हणाली.

सासूने हात काढला. टोपी तशीच राहिली.

“आता वाचा, सिस्टर.”

सिस्टरने आकडा स्थिर होऊ दिला. मग खिशातलं पेन काढलं.

“पाचशे चौदा ग्रॅम.”