स्वेटरचा रंग

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. एरवी आमच्या धर्म-अभ्यास विभागाच्या तासाला एकवीस जण, त्यातले दोघे पेंगणारे. त्या दिवशी मात्र विज्ञान शाखेची पोरंसुद्धा खिडक्यांत चढून बसली होती. व्यासपीठावर पांढऱ्या शालीतला एक माणूस डोळे मिटून बसला होता. लोक त्याला 'अंतर्यामी' म्हणत.

"मी काही सांगत नाही," तो सुरात म्हणाला. "माझ्यातून सांगितलं जातं. कंपनं येतात. मी नुसता रिकामा माठ."

माठ बराच बोलका होता.

"तिसऱ्या रांगेतली चष्मेवाली! तुझे आजोबा प्रार्थनेला बसताना आतून कडी लावून घ्यायचे." ती मुलगी किंचाळलीच. "तो उंच मुलगा! लहानपणी देवाला चिठ्ठी लिहून गादीखाली ठेवली होतीस ना रे?" मुलगा रडायला लागला. टाळ्यांचा कडकडाट झाला.

माझ्याही अंगावर काटा आला. कारण पहिल्या रांगेत आमच्या मॅडम हात जोडून बसल्या होत्या. "कुठल्याही धर्माची टिंगल नको, पण कुठल्याही दाव्याला सूट नको," हे पहिल्याच तासाला शिकवणाऱ्या मॅडम! त्यांच्यामुळे मी घरच्यांशी भांडून हा विषय घेतला होता. त्या हात जोडतात, म्हणजे काहीतरी असेलच, असं वाटलं.

मग अंतर्यामी काकूंकडे वळला. काकू पन्नाशीच्या, आमच्या वर्गातल्या सगळ्यांत मोठ्या. कपडे शिवायचं दुकान सांभाळून शिकायच्या. दोन वर्षांपूर्वी त्यांचा एकुलता एक मुलगा अपघातात गेला. मेल्यावर माणूस कुठे जातो, हे सगळ्या धर्मांत वाचून बघायचं म्हणून त्यांनी प्रवेश घेतला होता.

"माउली, तुझा मुलगा इथेच उभा आहे. अंगात निळा स्वेटर आहे. म्हणतो, आई, आता थंडी वाजत नाही."

काकू उठल्या. "बाळा..." एवढंच म्हणाल्या आणि मटकन खाली बसल्या. सगळं सभागृह हुंदके देत होतं. मी मात्र 'निळा' या शब्दापाशीच अडले.

तो निळा रंग माझा होता.

पहिल्या सत्रात मॅडमनी निबंध दिला होता : 'माझ्या घरातली श्रद्धा आणि एक मृत्यू'. काकूंना लिहायचा सराव नाही, म्हणून त्या सांगत गेल्या आणि मी उतरवत गेले. "त्याला थंडी सोसायची नाही, मीच विणलेला स्वेटर घालून पाठवला होता," असं त्या म्हणाल्या. पक्कं लिहिताना वाक्य जरा बरं दिसावं म्हणून मी स्वेटरच्या आधी 'निळा' घातलं. काकूंनी रंग सांगितला नव्हता, मी विचारला नव्हता. तो निबंध वाचणारं माणूस जगात एकच होतं.

चष्मेवाली आणि उंच मुलगा आमच्याच वर्गातले; दोघांना गाठून विचारलं. आजोबांची कडी निबंधात होती. चिठ्ठीही निबंधातच.

व्हरांड्यात काकू डोळे पुसत होत्या. "काकू, स्वेटर कुठल्या रंगाचा होता?"

त्यांनी पदरानं नाक पुसलं. मग म्हणाल्या, "तपकिरी."

"मग मघाशी...?"

"मला वाटलं, तिकडे गेल्यावर नवा मिळाला असेल गं."

मी सगळं सांगितलं. सांगताना स्वतःचीच चीड येत होती. काकूंनी शांतपणे पदर खोचला. "चल," म्हणाल्या.

आम्ही मॅडमच्या खोलीत गेलो. त्यांनी आधी कानांवर हात ठेवले. मग खुर्चीत टेकल्या. "विभाग बंद होणार होता. पुढच्या वर्षासाठी चार अर्ज आलेत, चार! हा माणूस गर्दी खेचतो. त्याला नुसत्या चार गोष्टी सांगितल्या मी."

"मॅडम, तुम्हीच शिकवलंत ना, दाव्याला सूट नको?"

"अगं, पण काकूंना किती हलकं वाटलं बघ! धर्म तरी दुसरं काय करतो?"

काकू म्हणाल्या, "मॅडम, गिऱ्हाईक विश्वासानं कापड टाकून जातं. त्यातून दुसऱ्यालाच झगा शिवून दिला, तर आमच्या धंद्यात त्याला चोरी म्हणतात. तुम्ही तर माझं पोर कापायला दिलंत."

मॅडमनी मान खाली घातली. मला वाटलं होतं, निदान माफी मागतील. त्या म्हणाल्या, "बाहेर बोलू नका."

स्वेटरचा खरा रंग आम्ही मॅडमना सांगितला नव्हता. दुसऱ्या दिवशी अंतर्यामीच्या कार्यक्रमाला पुन्हा गर्दी जमली. काकूच उभ्या राहिल्या. "महाराज, पोराला विचारा, स्वेटर कुठल्या रंगाचा?"

"निळा, माउली! आकाशासारखा!"

"तपकिरी. मी विणलाय," काकू म्हणाल्या. मी निबंधाची प्रत मोठ्यानं वाचली. चष्मेवाली उठली, "माझंही त्यातलंच." उंच मुलगा उठला. मग आमचा सगळा वर्ग.

"आज कंपनं अडली आहेत," अंतर्यामी पुटपुटला आणि शाल सावरत मागच्या दारानं सटकला. लोक पोट धरून हसले. मला हसू आलं नाही. मी पहिल्या रांगेकडे बघत होते. मॅडमनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

पुढे चौकशी झाली, मॅडमची नोकरी गेली. त्यांच्याइतकं चांगलं मला अजून कुणी शिकवलेलं नाही, आणि हेच जास्त सलतं.

देव आहे की नाही, यावर खुशाल वाद घाला. पण कुणी तुमच्या मनातलं सांगितलं, तर हात जोडण्याआधी स्वतःला विचारा : हे मी आधी कुणाला सांगितलं होतं? कधी कधी जे नाव आठवेल, ते नकोसं असेल. तरीही विचारा.