ठमाबाईचा तीनशे बारा नंबर

मित्रांनो, तुमच्या तळहातावर सहज मावेन एवढा मी, पितळेचा एक जुना बिल्ला. पुण्याच्या कारखान्यात पत्र्यातून मला कापले, अंगावर तीनशे बारा हा आकडा ठोकला आणि वर दोऱ्यासाठी भोक पाडले. तिथून मी बारामतीजवळच्या सांगवीला, कालव्याच्या कामावर आलो.

पाणी बंद करून कालव्यातला गाळ उपसायचे ते दिवस होते. कामावरच्या प्रत्येक माणसाला सरकारी नंबर मिळे. मी कळस गावच्या ठमाबाईच्या वाट्याला आलो. बिल्ले वाटताना हजेरीचे सरकारी कारकून जोतीराम यांनी नियम मोठ्याने वाचला होता. बिल्ला ज्याचा त्याच्याजवळ राहील. हजेरीच्या कारकुनाशिवाय कोणी तो मागू नये, आणि त्यानेही नंबर पाहून जागेवरच परत करावा.

ठमाबाईने मला काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातले. चिंच लावून ती मला घासायची. मी लखलखलो की तिला केवढा आनंद व्हायचा!

पुढे गुऱ्हाळे सुरू झाली. जास्त मजुरीसाठी माणसे तिकडे जातील अशी ठेकेदाराच्या मुकादमाला, सर्जेरावाला, धास्ती वाटली. बिल्ल्यावाचून कामावरची जागा टिकत नसे. म्हणून एका सकाळी त्याने सगळ्यांचे बिल्ले गोळा केले. “हरवतील. माझ्यापाशी नीट राहतील,” तो म्हणाला. आम्हाला गोणपाटाच्या पिशवीत कोंबून त्याने खोपटात टांगले. मित्रांनो, तिथल्या अंधारात मला फार परके वाटले.

अशात इंदापूरहून सांगावा आला. ठमाबाईची लेक मुक्ताबाई बाळंतपणाला टेकली होती. सासरी तिच्याजवळ बाईमाणूस नव्हते. ठमाबाई धावत खोपटाशी आली.

“लेकीकडं जायाचं हाय. माझा बिल्ला द्या.”

“जा की. पर बिल्ला न्हाय मिळायचा,” सर्जेराव म्हणाला. “आन् बिल्ल्याबिगर परत आलीस, तर हितं काम न्हाय.”

तिला रडू कोसळले. पण डोळे पुसून ती तशीच खोपटासमोर हजेरीला गेली. जोतीरामांनी नंबर विचारला, तेव्हा तिने मोकळा गळा दाखवला.

“भाऊसाहेब, बिल्ला मुकादमापाशी हाय.”

रिकामे गळे जोतीराम रोजच पाहत होते. मुकादमाशी वाकडे नको म्हणून गप्प होते. आता त्यांनी मान खाली घातली. तेवढ्यात मागून म्हातारे गेणबा पुढे आले. “माझा बी तितंच हाय.” मग एकेक जण तेच सांगू लागला. शेवटी जोतीराम उठले.

“सर्जेराव, पिशवी आणा. बिल्ले गोळा करायचा तुम्हाला अधिकार नाही.”

“मी तर जपूनच ठेवलेत!”

“तुमाला मी राखाया दिला न्हाय,” ठमाबाई म्हणाली. “माझा हरवला, तर माझा मी शोधीन.”

पिशवी घोंगडीवर रिकामी झाली. ठमाबाईला आकडा वाचता येत नव्हता. पण माझ्या कडेला दगड लागून पोचा पडला होता, त्यावर तिचे बोट अचूक पडले. त्याच पावली ती इंदापूरच्या वाटेला लागली. तिच्या छातीवर मी हेलकावत होतो आणि मला फार बरे वाटत होते.

मुक्ताबाईला मुलगी झाली. तिचे नाव रंगू. बारा दिवसांनी आम्ही कामावर परतलो, तेव्हा ठमाबाईची जागा शाबूत होती.

काम संपल्यावर जोतीरामांनी माझ्या आकड्यावर आडवी रेघ ठोकली. “आता हा नंबर कुणाला वापरता यायचा नाही,” म्हणत त्यांनी मला ठमाबाईच्याच हाती दिले. पुढची काही वर्षे मी डब्यात पडून काळवंडलो. आता चार वर्षांची रंगू मला गळ्यात घालून मिरवते.

परवा इंदापूरच्या बाजारात बांगड्या भरताना कासारणीने तिला विचारले, “नाव काय गं तुझं?”

“कशाला पायजे?” रंगूने विचारले.

ठमाबाई हसत सुटली. कासारीणही हसली. “अगं, हात धरलाय तुझा. नावानं हाक नको मारू?”

रंगूने जरा विचार केला. मग तिने नाव सांगितले आणि दुसरा हातही पुढे केला.

मित्रांनो, तुमचे नाव-नंबर कोणी मागितले, तर तुम्हीही एवढे विचारा, “कशाला हवे?” ज्याचा हेतू चांगला, तो हसून उत्तर देतो.