चारशेच्या वर

भर दुपारी एक वाजता बारकी दारात उभी राहिली. डबा खाल्ल्याशिवाय खुर्चीवरून न हलणारी ही मुलगी, आणि आज डबा तसाच भरलेला हातात.

वय अठ्ठावीस, सरकारच्या सुरक्षा खात्यात नोकरी, तरी घरात सगळ्यांसाठी ती बारकीच. वहिनीची धाकटी नणंद.

"ढमी झोपलीय?"

"आत्ताच. चपला हळू काढ."

ढमी, म्हणजे वहिनीची दोन वर्षांची लेक, झोपली की वहिनीचा दिवस सुरू व्हायचा. दर शनिवारी एका वर्तमानपत्रात तिचं सदर यायचं. पुढाऱ्यांची विधानं, टीव्हीवरच्या चर्चा, फोनमध्ये शिरलेली पाळत, असल्या बातम्या वाचून घरात बसलेल्या एका बाईला काय वाटतं, ते ती लिहायची. निम्मं सदर मांडीवर लेकीला थोपटत, फोनवर एका अंगठ्यानं टाइप केलेलं.

परवाच्या शनिवारी तिनं सुरक्षा खात्याच्या मंत्र्यांना धारेवर धरलं होतं. शाळांच्या दारात चेहरे ओळखणारा एकही कॅमेरा बसवलेला नाही, असं त्यांनी टीव्हीवर छातीठोकपणे सांगितलं होतं. आणि त्याच आठवड्यात बारकीनं खात्यातला कागद घरी आणून, ह्याच स्वयंपाकघरात, वहिनीच्या डोळ्यांसमोर धरला होता. त्यात कॅमेऱ्यांचा आकडा होता. "पुढच्या वर्षी आपली ढमीही त्या दारातून जाणार," एवढंच ती तेव्हा म्हणाली होती.

आता मात्र तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"वहिनी, आकडा काय लिहिलास तू?"

"कागदावरचाच. चारशे सदतीस. का गं?"

बारकी मटकन खाली बसली. "मेले मी. तो कागद अकरा जणांना वाटला होता. आज शेजारच्या टेबलावरची प्रत सहज दिसली, तर त्यात चारशे बेचाळीस! साहेबांनी प्रत्येकाच्या प्रतीत वेगळा आकडा घातलाय. कुणी फोडला ते कळावं म्हणून. चार वाजता सगळ्यांना आपापली प्रत घेऊन बोलावलंय."

"तू सदर वाचलं नाहीस?"

"माझा फोन खात्यानं दिलेला आहे. त्यावर तुझं सदर उघडू? एवढी वेडी नाही मी."

वहिनीला लख्ख आठवत होतं. संपादकांनी गुरुवारी कान उपटले होते, "बाई, आकडा नेमका द्या." आणि तिनं लगेच तो टाइप केला होता. शनिवारी अंक आला तेव्हा ढमीला ताप होता, आपलंच लिखाण वाचायचं राहून गेलं. दुसऱ्याच्या पोरीची नोकरी आपण एका अंगठ्यानं घालवली, असं तिच्या मनात आलं. मग लक्षात आलं, दुसऱ्याची कसली, आपल्याच घरातली पोर ही.

"थांब, आधी बघू तरी." ती फोन शोधायला लागली. उशीखाली नाही, ओट्यावर नाही. झोपायच्या आधी ढमी तो घेऊन घरभर फिरत होती, म्हणजे आता तो शोधायला गुप्तहेरच हवा.

"पेपर काढ, पेपर!"

रद्दीच्या गठ्ठ्यातून शनिवारचा अंक निघाला. बारकीनं पान उलटलं आणि किंचाळी कशीबशी गिळली. सदराच्या जागी पानाला चौकोनी भोक. कडा अगदी सरळ, कात्रीनं कापलेल्या.

"घरात कुणी येऊन गेलं?" ती कुजबुजली. "पुरावा नेलाय, वहिनी."

"पुरावा कसला डोंबलाचा," मागून आवाज आला. सासूबाई उभ्या होत्या. "मी कापलंय ते."

दोघी बघतच राहिल्या. 'भांडी पडलीत आणि ही फोनवर बोटं नाचवतेय' असं दर गुरुवारी ऐकवणाऱ्या सासूबाईंनी कपाटातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. वर बटणं, दोऱ्याची रिळं. त्याखाली घडी घातलेली दोन वर्षांची सगळी सदरं.

"अशा काय बघता? सूनबाईचं नाव छापून येतं, ते काय शेंगांची टरफलं टाकायला वापरू? आणि बाहेर बोलायचं नाही हं, सांगून ठेवते. घे, तूच वाच, माझा चष्मा नाही."

वहिनीनं वरचं कात्रण उलगडलं. ओळी भराभरा मागे पडत होत्या. मंत्री, शाळा, दार, आणि मग ती ओळ.

"'खुद्द खात्याच्याच हिशेबानं असे कॅमेरे चारशेच्या वर आहेत.'"

"पुढे?"

"पुढे काही नाही. चारशेच्या वर. पूर्णविराम."

"पुन्हा वाच."

तिनं पुन्हा वाचलं. बारकीनं कात्रण हिसकावून स्वतः वाचलं, मग सासूबाईंच्या कमरेला मिठी मारून रडायला लागली.

"अगं, आता कशाला रडतेस, वेडाबाई?"

"आत्ताच तर रडता येतंय!"

वहिनीचाही जीव भांड्यात पडला. पण तो आकडा गेला कुठे? तेवढ्यात कोपऱ्यातल्या ढमीच्या गमबुटातून फोन वाजला. संपादकांचा.

"बाई, गुरुवारी आकडा पाठवते म्हणालात, आलाच नाही. शेवटी तुमचं 'चारशेच्या वर' तसंच छापलं. आता एक जागरूक वाचक सकाळपासून तीनदा फोन करतोय, नेमका आकडा छापा म्हणून. देता का? वेबसाइटवर लगेच घालतो."

वहिनीनं बारकीकडे पाहिलं. नेमका आकडा हवा असणारा वाचक. आणि आज अकरा जणांना एकदम बोलावणारे साहेब. आकडा हाती लागला असता तर त्यांनी बारकीला एकटीलाच बोलावलं असतं.

"नको," ती म्हणाली. "आहे तसंच राहू द्या. आणि तो वाचक पुन्हा विचारील, तेव्हाही हेच सांगा."

संपादक मुरलेला माणूस होता. "कळलं. आळशी लेखिका म्हणतील तुम्हाला."

"खुशाल म्हणू देत."

फोन ठेवून तिनं न पाठवलेले निरोप उघडले. तिथेच होता तो. 'आकडा ४३७ असा घ्या', आणि त्यापुढे ढमीच्या बोटांनी उमटवलेली अक्षरांची रांगोळी. गुरुवारी नेमकी त्या क्षणी लेक रडत उठली होती, आणि निरोप जागीच राहिला होता. वहिनीनं तो पुसला. मग आत जाऊन झोपलेल्या लेकीच्या कपाळावरचे केस हलकेच मागे सारले. ताप नव्हता.

"साहेब नुसता खडा टाकून बघतायत," ती बाहेर येऊन म्हणाली. "कुणाचा चेहरा उतरतो ते बघायला. तू डबा खा, तोंड धू आणि जा."

"अन् विचारलंच तर?"

"विचारू देत. आपली प्रत पुढे कर आणि उभी राहा."

बारकीनं डबा संपवला, वर सासूबाईंकडून अर्धी पोळी मागून घेतली आणि गेली. चार वाजले, साडेचार, पाच. वहिनीनं ढमीला एकच गोष्ट तीनदा सांगितली आणि तिन्ही वेळा शेवट चुकवला. साडेपाचला जिन्यात पावलं वाजली, एका दमात दोन-दोन पायऱ्या चढणारी.

"सुटले!" दारातूनच आवाज आला. "साहेब टेबलावर अकरा प्रती मांडून बसले होते. मध्ये तुझं कात्रण. सगळ्यांकडे डोळे वटारून बघितलं, मग कात्रण आपटलं. म्हणतात कसे, 'ही बाई आकडा का लिहीत नाही?' आणि म्हणाले, जा कामाला."

वहिनी इतकी हसली की ढमीही कारण न कळता टाळ्या वाजवायला लागली.

"पुन्हा असला कागद दाखवायचा नाही मला," हसता हसताच ती म्हणाली. "निदान आधी शेजारच्या टेबलावर बघून घ्यायचं."

सासूबाईंनी कात्रणाची घडी घालून ते डब्यात, बटणांच्या खाली ठेवलं. झाकण लावता लावता थांबल्या.

"पण काय गं, खरंच किती आहेत ते कॅमेरे?"

दोघी एकदम म्हणाल्या, "चारशेच्या वर!"